मेस्त्रींचे दगड

चामराजपेटच्या नरसिंगराव मेस्त्रींनी आयुष्यभर लोकांची घरं बांधली आणि प्रत्येक स्लॅबवर मोजून एकवीस दिवस पाणी मारलं. वीस नाही, बावीस नाही. कुणी शंका काढलीच, तर ते त्याच्या हातात हातोडी द्यायचे आणि ठोकून बघ म्हणायचे.

सून सुखदा पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. सासरी येताना तिनं दागिन्यांपेक्षा जपून आणली ती काचेची टाकी, खाऱ्या पाण्यातले मासे पाळायची. मंगळूरहून बसनं कॅनमध्ये समुद्राचं पाणी यायचं आणि त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा एकुलता एक मासा फिरायचा. नरसिंगरावांना हे खूळ वाटे. पण माशाला लपायला दगड हवेत आणि समुद्रातले इथं मिळत नाहीत, हे कळल्यावर त्यांचे हात शिवशिवले. मैत्रिणीनं सुखदाला पत्रातून कृती कळवली होती. सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ कालवायचं, ओल्या वाळूच्या खड्ड्यांत ओतायचं, सुकलं की पाण्यात मुरवायचं. सिमेंटमध्ये मीठ म्हणजे मेस्त्रींच्या लेखी पापच, पण मीठ विरघळून दगडाला भोकं पडलेली पाहून म्हातारा खूश झाला. किती दिवस मुरवायचं हे पत्रात नव्हतं. ते मेस्त्रींनी ठरवलं. बाविसाव्या दिवशी दगड टाकीत गेले आणि तीन दिवसांत मासा मेला.

त्यांनी खापर पाण्यावर फोडलं. बसमध्ये तापून कॅनमधलं पाणी नासलं, असं जेवताना ठासून सांगितलं. कॅन सुखदा स्वतः स्टँडवरून आणायची. ती पानातला भात चिवडत राहिली.

चार महिने टाकी कोरडी पडून राहिली. मग एके दिवशी सुखदानं ती मल्लेश्वरमच्या एका गृहस्थांना विकायचं ठरवलं. ते महिन्याभरात न्यायला येणार होते. ही पोर नरसिंगरावांशी मोकळं बोलायची ती त्या टाकीपाशीच. टाकी गेली की घरात उरणार ते जेवायला वाढू का, एवढंच. तोवर नवे दगड करतो, जमले तर विकू नकोस, असं त्यांनी तिला विनवलं. ती बरं म्हणाली, पण तिचं मन त्यात नव्हतं.

नव्या दगडांचा एकविसावा दिवस शनिवारी उजाडला, आणि गृहस्थ रविवारी यायचे होते. दुपारी त्यांची बायको भागीरथीबाई लोणच्याचा मसाला कालवून मागीलदारी आल्या. नळाला पाणी नव्हतं, म्हणून त्यांनी हळदीचे हात दगड मुरत घातलेल्या पिंपात बुडवले. हात लालभडक होऊन बाहेर आले.

"अहो, हळदीला चुना लागला की कुंकू होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाण्यात स्वल्प नाही, चांगलाच चुना आहे बघा."

नरसिंगराव पायरीवर बसले. दगड एकवीस दिवसांत पक्का होतो, पण त्यातला चुना बाहेर पडत राहतो. घराच्या भिंतीला त्याचं काय? माशाला मात्र तो विषच. मागचे दगडही एकवीस दिवसांचेच होते. बायको कुणाला सांगणार नव्हती. गुपचूप दगड मांडले, तर टाकी राहत होती. सांगितलं, तर उद्या टाकी जाणार, आणि तीही आपल्याच तोंडच्या शब्दांनी. आयुष्यात पहिल्यांदा मेस्त्रींना स्वतःच्या कामाची लाज वाटली.

संध्याकाळी सुखदा घरात शिरली, तेव्हा ते तिच्यासमोर उभे राहिले.

"मासा माझ्या दगडांनी मारला. तुझं पाणी चांगलं होतं."

ती तशीच खांद्याला पर्स लावून उभी राहिली. "इतके महिने मला वाटत होतं, मीच मारला," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

त्यांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण धीर झाला नाही. हे दगडही कच्चेच आहेत, हळद पिवळी राहीपर्यंत रोज पाणी बदलावं लागेल, महिना लागेल की दोन, सांगता येत नाही, एवढं कसंबसं सांगून ते मागीलदारी निघून गेले.

रविवारी गृहस्थ टेम्पो घेऊनच आले. नरसिंगराव मागं पिंप उपसत होते. कान पुढच्या दारी होते. टाकी रिकामीच आहे, उचलायला बरी, असं गृहस्थ म्हणाले.

"माफ करा, तुम्हाला हेलपाटा पडला," सुखदा म्हणाली. "टाकी द्यायची नाही. आमच्या मामंजींचे दगड व्हायचेत अजून."