संभाजीनगर ते नांदेड, विमानानं

बाळा, तुझं जावळ वर्षाच्या आत मामाच्या मांडीवर काढायचं होतं, आणि तुझा मुंजाबामामा नांदेडला कमरेपर्यंत पाय प्लास्टरात घालून पडला होता. त्याला येता येत नव्हतं, म्हणजे आपणच जायचं. एवढी साधी गोष्ट तुझ्या आजोबांच्या तावडीत सापडली.

काकासाहेबांचं म्हणणं असं, की गंगापुरात ज्याची एवढी शेती, त्याचा नातू काय रेल्वेनं जाणार? नातू उडत जाणार. मोबाइलवर त्यांना एक पान सापडलं होतं. चिकलठाण्याच्या विमानतळापासून नांदेडच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ, आणि खाली लिहिलेलं, पाऊण तास. ते पान त्यांनी दूधवाल्याला दाखवलं, सोयऱ्यांना दाखवलं, कापूस बघायला आलेल्या व्यापाऱ्यालाही सोडलं नाही. मी तिकिटाचं काढलं की म्हणायचे, घाई कशाला, पाऊण तासाचा तर रस्ता.

या पाऊण तासात दोन महिने गेले. तुला दात आले, तू पलंगाला धरून उभा राहायला लागलास, झुलपं डोळ्यांत जायला लागली. मी तेल लावून ती मागं सारायची, तू हसत पुढं ओढायचास. तुझ्या बापाला विचारलं तर रामकिसनरावांचं उत्तर ठरलेलं, दादा बघतायत ना. वाळूजच्या कारखान्यात शंभर माणसांवर हुकूम चालवणारा हा गडी घरी बापासमोर खुर्चीला पाठसुद्धा टेकत नाही.

वाढदिवस तोंडावर आला आणि रविवारी पाहुण्यांपुढं पुन्हा तेच पान निघालं. चहा देता देता मी विचारलं, "दादा, ते सुटतं किती वाजता?"

"सुटतं म्हंजी?"

"विमान. लेकराला आंघोळ घालून तयार ठेवते."

काकासाहेबांनी बोटानं पान वर सारलं, खाली सारलं, आणि मोबाइल तुझ्या बापाकडं दिला. त्यानं बराच वेळ बघितलं.

"दादा, ह्याच्यात विमान नाहीच. असतं तर किती वेळ लागला असता, तेवढंच लिहिलंय."

पाहुणे कपात बघायला लागले. काकासाहेब म्हणाले, आज नसंल, पुढं सुरू होईल.

"व्हय, तवर त्याचं लगीनच लावू मामाच्या मांडीवर," दारात उभी असलेली तुझी आजी द्वारकाबाई म्हणाली. आणि लेकाला तिनं सांगून टाकलं, उद्याच्या तपोवन एक्सप्रेसला ह्या दोघांना बसवून दे.

परभणीपर्यंत तू माझ्या कुशीत झोपलास.

नांदेडला मुंजाबाची मांडी प्लास्टरानं धोंड्यासारखी टणक. माझ्या आईनं तिच्यावर मऊ लुगड्याची घडी टाकली, वर तुला बसवलं. कडूबा न्हाव्यानं वस्तरा लावला मात्र, तू घाबरून लुगडं भिजवलंस, आतलं प्लास्टरही. मी उचलायला धावले, तर मुंजाबानं तुला आणखी घट्ट धरलं.

"ऱ्हाऊ दे तायडे. प्लास्टर दुसरं घालता येतंय. कडूबा, तू चालू दे तुझं."