कागदाचे बोळे

सासूने इन्सर्टच्या भोकातला कागदाचा बोळा चिमटीत धरून ओढला, कारखान्याच्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि पॉलिशने निथळणारा ब्रश त्याच भोकावर सावकाश टेकवला.

टेबलाची फळी उलटी घातली होती. पायांच्या जागी सुनेने पितळी इन्सर्ट बसवले होते: बाहेरच्या आट्यांनी लाकूड धरायचं, आतल्या आट्यांत बोल्ट फिरायचा. पाय कितीदाही काढा-घाला, लाकूड झिजायचं नाही. पॉलिश आत उतरू नये म्हणून तिनेच प्रत्येक भोकात बोळा कोंबून ठेवला होता. मोठी शहाणी.

"डोकं आहे पोरीला," सासूचा म्हातारा काल जेवता जेवता म्हणाला होता.

सासूने ताट बाजूला सारलं. सगळा संसार त्याच्या भुशात झाला, पण तिला डोकं आहे हे त्याला कधी दिसलं नाही. तिच्या वाट्याला घासकागद आणि पॉलिश. पटाशी उचलली की म्हणायचा, राहू दे, धार जाईल. आणि ही काल-परवा आलेली. हिच्या हातात ड्रिल त्याने आपणहून दिलं, वर लाकूड धरून उभा राहिला. एका भोकावर दोघांची डोकी वाकलेली, आणि हसणं काय, खिदळणं काय! घरात त्याला बोलायला शब्द सापडत नसत.

तिने दुसरा बोळा ओढला. मग उरलेलेही.

सकाळी गिऱ्हाईक बाई आल्या. त्यांचा जिना अरुंद, टेबल सुटंच वर न्यावं लागणार. सुनेच्या हातची ही पहिलीच ऑर्डर.

"एकदा जोडून दाखवते, मग बांधून देते," सून म्हणाली.

बोल्ट अर्ध्या वेढ्यातच अडला. तिने दुसरा लावून पाहिला, तोही तसाच. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"इन्सर्ट तिरके गेले वाटतं," म्हातारा पुटपुटला. "आपला साधा लाकडात लाकूड बसवायचा सांधा काय वाईट होता?"

सासू खिडकीशी उभी राहून हात पुसत होती. केव्हाच कोरडे झालेले हात. गेले कित्येक महिने तिला एवढंच तर ऐकायचं होतं.

सुनेने वाकून भोकात पाहिलं, नख घातलं. नखावर पॉलिशचा चकचकीत पापुद्रा आला. तिने तो पाहिला, मग खिडकीकडे पाहिलं. फार वेळ नाही. नख पँटला पुसून ती उठली.

"माझंच चुकलं, बाबा. बोळे घालायचे राहिले. आत पॉलिश गेलंय. थिनरने साफ करते, निघेल."

"एवढं कळू नये?" म्हातारा म्हणाला.

सून थिनरचा डबा घ्यायला वळली.

सासूच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सून ओरडली असती, रडली असती, सासऱ्याजवळ चुगली केली असती, तर सासू तिला पुरून उरली असती. पण ही पोरगी तिला पाठीशी घालत होती. म्हणजे आता जन्मभर हिच्या उपकाराखाली राहायचं, आणि रोज चहाला हिचं ते समजूतदार तोंड पाहायचं.

"राहिले नव्हते," सासू म्हणाली. "तिने घातले होते. मी काढले."

थिनरचा डबा उघडता उघडता सून थांबली. बाईंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली.

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं. नवीन लाकूड आलं की पाहायचा तसं, वळवून वळवून. तिने मान खाली घातली नाही.

"का गं?"

"तुम्हाला माहीत नाही?"

म्हाताऱ्याने कान खाजवला. सुनेने भोकं पुसून काढली तेव्हा त्याने बाकावरची बोल्ट पिळायची ॲलन की उचलली, सुनेचा पुढे आलेला हात ओलांडला आणि बायकोसमोर धरली.

"घे. लाव."

ती किल्ली इतकी हलकी असेल असं तिला वाटलं नव्हतं. खाली बसताना गुडघे वाजले. सुनेने पाय सरळ धरला आणि दुसरीकडे पाहत राहिली. पहिला वेढा गेला, दुसरा गेला. बोल्ट आत आत उतरू लागला तशी सासू दात आवळून जोर लावू लागली.

"लागला की थांबा, आई. जास्त पिळलं तर इन्सर्ट उपटून येतो."

"मला शिकवू नकोस," सासू म्हणाली, आणि थांबली.