फाटकावरचं कापड

"अभिनंदन, ताइनारा, एवढं लिहून झालंय," ओलेगारिओ ब्रश डब्याच्या काठावर निथळवत म्हणाला. "खालच्या ओळीत काय लिहू, ते सांग. ब्रश वाळतोय."

टेबलापलीकडे त्याची सतरा वर्षांची मुलगी मोबाइल पालथा ठेवून उभी होती. दर जानेवारीत लागणारा प्रवेशाचा निकाल सकाळीच लागला होता.

आमच्या पेद्रा मान्सा गावात कुणाला विद्यापीठात प्रवेश मिळाला की फाटकावर कापड लागतं. वर अभिनंदन आणि नाव, खाली विषय. कापड लागलं नाही तर सरकार काहीही म्हणो, गावाच्या दृष्टीनं प्रवेश झालेला नसतो. ही कापडं गेली तीस वर्षं ओलेगारिओ रंगवतो. स्वतः चौथी पास. कापड दुमडून मध्य काढायचा, खडूची खूण करायची आणि दोन्ही बाजूंना इंचाइंचानं सारखी अक्षरं बसवायची. त्याचं माप चुकल्याचं गावात कुणाला आठवत नाही. औषधवाल्या आदेमारच्या मुलाला भरपूर फी घेणाऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा आदेमारनं एवढं मोठं कापड करून घेतलं की घराचा नंबर झाकला गेला आणि पोस्टमन महिनाभर पत्रं परत नेत होता. माप त्याही वेळी अचूक होतं.

स्वतःच्या फाटकासाठी ओलेगारिओनं जाड सुती तागा ताइनारा आठवीत असतानाच आणून ठेवला होता. बायकोनं, झुल्मीरानं, त्याला काठ शिवले होते. त्याला कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियम होता.

ताइनाराला राजधानीत वास्तुकला शिकायची होती. अकरा गुण कमी पडले. अर्जात दुसऱ्या पसंतीचाही रकाना होता; तो रिकामा बरा दिसेना, म्हणून तिनं दूर उत्तरेकडच्या विद्यापीठातलं पशुसंवर्धन भरलं होतं. ते मिळालं. नाव नोंदवायची मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत.

"सरकारी विद्यापीठ आहे, पोरी," झुल्मीरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "फुकट शिक्षण. या घरातलं आजवर कोण गेलंय तिथं?"

"आई, मी कोंबडीला घाबरते."

"ते कोंबडीला कुठं माहितीय?"

उन्हाच्या मलमाची जाहिरात रंगवून घ्यायला आलेला आदेमार कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण ते त्याला कधीच लागत नसे.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," तो म्हणाला. "एक वर्ष थांबते म्हणून माझी पुतणी घरी बसली. ती अजून बसलेलीच आहे. आणि पुढच्या वर्षी बारा गुण कमी पडले तर?"

ओलेगारिओनं सकाळीच 'पशुसंवर्धन' मापून पाहिलं होतं. ओळीत छान बसत होतं. त्यानं ब्रश लाल रंगात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"एकच सांग," तो मुलीला म्हणाला. "हे फाटकावर लागलं, तर येता-जाता वर बघशील?"

ताइनारानं बाहेर फाटकाकडे पाहिलं.

"नाही, बाबा. खाली बघून जाईन."

"मग?"

"एक वर्ष द्या. सकाळी तुमच्याबरोबर अक्षरं भरीन, दुपारी शिकवणीला जाईन."

"आणि तेव्हाही नाही झालं तर?"

"ते मला माहीत नाही."

झुल्मीरा दारातच उभी राहून ऐकत होती. त्या दिवशी तिच्या भट्टीत मक्याचा केक करपला. त्या घरात हे प्रथमच घडत होतं.

"म्हणजे कापड वाया," आदेमार म्हणाला.

"वाया?" ओलेगारिओनं चष्मा पुसला. "आदेमार, कापड माझं, पोरगी माझी. तू तुझ्या मलमाचं बघ." आणि तो खाली वाकून लिहू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड फाटकावर लागलं:

'अभिनंदन, ताइनारा!
आणखी एक वर्ष अभ्यास करणार.'

बसवाल्यानं गाडी थांबवून ते दोनदा वाचलं आणि रिवाजाप्रमाणे हॉर्न वाजवला. तीनदा नापास झालेल्या मुलाचा बाप, आमचा बेकरीवाला, असंच एक आपल्याला मिळेल का, म्हणून विचारून गेला. "आधी पोराला विचार," ओलेगारिओनं सांगितलं.

संध्याकाळी पाच वाजता चर्चचे ठोके पडले. ताइनारा वह्या घेऊन शिकवणीहून येत होती. फाटकाशी थांबली, मान वर करून दोन्ही ओळी वाचल्या आणि आत गेली.

आदेमार मात्र रस्त्यात मान वाकडी करून उभा होता. अखेर त्याला सापडलं.

"अरे, खालची ओळ सगळी डावीकडे गेलीय! उजवीकडे अजून एक शब्द मावेल एवढी जागा कोरी राहिली. म्हातारा झालास लेका, माप चुकलं तुझं."

"चुकलं असेल," ओलेगारिओ म्हणाला. त्यानं लाल रंगाच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि हातोडीनं चारी बाजूंनी नीट ठोकून बसवलं. रंग पुढच्या जानेवारीपर्यंत टिकायला हवा होता.