ताईच्या हाताची अक्षरं

ताई आणि मी मिळून बनवत असलेल्या जपानी गेममध्ये चौकोन दिसायला लागले तेव्हा आधी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसलं की पडद्यावर त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो, आणि फॉन्ट तर आमचा घरचाच. ताई जपानीची भाषांतरं करते, त्यावरच तिचं घर चालतं. बाजारातले फॉन्ट तिला गुळगुळीत वाटायचे. म्हणून गेमला लागणारं एकेक जपानी अक्षर तिने चौकोनी घरं आखलेल्या कागदावर ब्रशपेनने काढलं आणि मी ते स्कॅन करून फॉन्टमध्ये बसवलं. सुरुवातीच्या पाटीवर तिचं नाव तेवढं मराठीत होतं, तेही तिच्याच हातचं.

रोज सकाळी ती गेम खेळून माझ्या चुका काढायची. त्यात तिला भलताच आनंद. एकदा तिचा फोन आला, ‘दार’ या अर्थाच्या अक्षराच्या जागी चौकोन आहे म्हणून. माझ्याकडे दार जागच्या जागी होतं. तुझा लॅपटॉप म्हातारा झालाय, असं सांगून मी तिला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन चौकोन निघाले. मी फॉन्ट पुन्हा बांधला, तरी तेच. शेवटी माझाच लॅपटॉप उचलून तिच्या घरी गेलो. डोकं तापलं होतं, खोटं कशाला बोलू?

तिने माझ्या पडद्यावर बोट ठेवलं. “हा बघ.”

बोटाखाली चांगलं ठसठशीत दार होतं.

मला वाटलं, फिरकी घेतेय. लहानपणापासूनची खोड तिची. मी तिच्या मूळ कागदांच्या चळतीतून तो कागद काढून पुढे केला. चष्मा पुसून ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हे घर भरायचं राहूनच गेलं वाटतं. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

“मग आता लिही,” मी म्हणालो. “दार.”

तिने पेन उचललं. हात जराही अडखळला नाही, एकेक रेघ नेमाच्या क्रमाने झरझर आली. काळंभोर अक्षर उमटलं. ताईने कागदाकडे पाहिलं, मग पेनाचं टोक बोटावर घासलं. बोट काळं झालं.

“पेन तर चालू आहे,” ती म्हणाली.

मी भांडून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे ठणठणीत निघाले. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली, आणि ती वाचायला ताईच्या हातात न देता माझ्या हातात दिली. वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली.

तोवर तिला घाबरवायचं नाही, म्हणून मी एक उद्योग आरंभला. ती ज्या शब्दाला चौकोन म्हणेल तो शब्द गेममधून काढून टाकायचा. गोष्टीतली दारं गेली, मग नदी गेली, मग आई गेली. ताई खूश होती, चौकोन कमी झाले म्हणून मला शाबासकी मिळत होती.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मी तिला घ्यायला गेलो. ती तयार होऊन टेबलाशी बसली होती, समोर गेम उघडलेला.

“हे काय रे नवीन? पहिल्याच पाटीवर चौकोन,” ती म्हणाली. “माझं नाव टाकायला विसरलास?”

मी पाटीकडे पाहिलं. तिचं नाव तिच्या हातचं, जसंच्या तसं होतं.

“हो,” मी म्हणालो. “विसरलो. आज टाकतो.”