मंदाबाईंच्या नावावरच्या आठ ओळी

संगीतिकेची संहिता जुळवताना मी तीन रंग वापरते. वहीत सापडलेली ओळ निळ्या शाईत, कुणी म्हणून दाखवलेली लाल शाईत, आणि माझा अंदाज पेन्सिलीने. अठ्ठावीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्याची ही सवय.

‘मिठागराची राणी’ भाईंदरच्या एका शिक्षकाने रचली होती. तिचे दोनच प्रयोग झाले. अकरा वर्षं शोधून मी ती जवळजवळ पूर्ण केली; बरीचशी मंदाबाईंकडून टेपवर उतरवून घेत, ज्यांनी तरुणपणी त्यात काम केलं होतं. तिसऱ्या प्रवेशातल्या आठ ओळी मात्र त्यांनाही आठवल्या नाहीत. त्या वारल्यावर, चाल म्हणून बघता यावी एवढ्यासाठी, मीच आठ ओळी लिहिल्या. तेव्हा पेटीवर रसिका होती. माझी विद्यार्थिनी. सहा वर्षं ती या कामासाठी पूनम सागर सोसायटीतल्या माझ्या घरी येत होती.

काल ती पेढे आणि स्वतःचं पुस्तक घेऊन आली. आत ‘मिठागराची राणी’ची संपूर्ण संहिता, संपादिका म्हणून तिचं एकटीचं नाव. माझे आभार मानले होते. मी तिसरा प्रवेश उघडला. माझ्या आठ ओळी तिथे होत्या, खाली टीप: मंदाबाईंच्या तोंडून ऐकलेल्या.

“मंदाबाईंनी हे कधी म्हटलं?”

“मॅडम, जागा रिकामी कशी ठेवणार? आणि तुमच्याच ओळी आहेत. तुम्हाला तर बरं वाटायला हवं.”

“माझ्या आहेत, म्हणूनच विचारतेय.”

“कोण तपासणारे? या विषयात आहोत कोण, आपण दोघीच ना!” ती हसली. मी हसले नाही, तशी म्हणाली, “तुम्ही बोललात तर सगळीच संहिता खोटी वाटेल लोकांना. तुमची अकरा वर्षंसुद्धा.”

हे तिने आधीच मोजून ठेवलं होतं. नाव गेल्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

“चहा टाकते,” म्हणत ती सवयीने स्वयंपाकघरात गेली. साखरेचा डबा कुठे असतो ते तिला माहीत होतं. मी प्रकाशकांना मेल लिहिला: या आठ ओळी माझ्या आहेत, मंदाबाईंच्या नाहीत, बाकी संहितेबद्दल शंका असेल तर टेप माझ्याकडे आहेत, घरी येऊन ऐकाव्यात.

ती कप घेऊन आली तेव्हा मेल गेला होता. मी तसं सांगितलं.

“मॅडम, मग आता मी काय करू?”

मी तिच्या हातातला कप घेतला. मग वही उघडून तिच्यासमोर ठेवली; त्या आठ ओळी पेन्सिलीत होत्या.