गळ्याच्या पट्ट्याला पडलेलं कोडं

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. हसू नका, कुत्र्याचा नव्हे! बर्फावरची हॉकी खेळताना गळ्याला बांधतात, तो मी.

कारखान्यातल्या शिवणाऱ्या बाईंनी चिवट कापडाचे थर एकावर एक शिवले, मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाल्या, "जा बाबा, कोणाच्या तरी कामी ये." कामी यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हे कोडं मला तेव्हापासूनच पडलं.

मी भिंगरीच्या बॅगेत आलो. पोरगी बर्फावर गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. बॅगेत हेल्मेट रोज आपले पोचे दाखवून बढाया मारायचं. नडगीचे पॅडही काही कमी नव्हते. माझ्या अंगावर मात्र साधा ओरखडा नाही! मला भारी लाज वाटायची.

खेळ संपला की स्केटच्या बुटांखालची ओली पाती पुसावी लागतात, नाहीतर गंजतात. भिंगरीला फडकं शोधायचा कंटाळा. एके दिवशी तिने मलाच ओढलं. मी हरखलो. सापडलं एकदाचं काम! पण पात्याला एवढी धार कशाला बुवा? ती धार माझे धागे रोज थोडे थोडे कुरतडत होती.

एका सामन्याआधी आईने पाहिलं.

"अगं ए शहाणे! गळ्याच्या पट्ट्याचं पोतेरं केलंस?"

"टोचतो गं तो! आणि आजवर गळ्याला लागलंय का कधी?"

"लागल्यावर सांगायला गळा शाबूत लागतो. बांध आधी, नाहीतर बर्फावर पाऊल टाकायचं नाही."

तिने स्वतःच मला करकचून बांधलं.

त्याच सामन्यात गोलासमोर भिंगरी आणि दुसरी एक पोरगी धडकून पडल्या. दुसरीचा पाय वर उसळला आणि तिचं पातं थेट भिंगरीच्या गळ्यावर आलं. नेमकं पुसून पुसून विरलेल्या जागी! एक थर फाटला, दुसरा फाटला. देवा, टिकू दे रे मला! शेवटच्या थराशी पातं थांबलं.

आई कठडा ओलांडून घसरत, धडपडत आली. "रक्त कुठंय? दाखव, कुठं लागलं?" रक्त नव्हतंच. एरवी सगळ्यांना दरडावणारी ती बाई बर्फावरच बसून ढसाढसा रडली.

फाटलेला पट्टा पुन्हा गळ्यात घालत नाहीत. भिंगरीला नवा आला. मी आता कपडे बदलायच्या खोलीत खिळ्यावर असतो. लहान पोरी माझ्या चिरेत बोट घालून बघतात.

भिंगरी विचारते, "पोचलं का पलीकडे?"

"नाही, ताई."

"मग आता आपापले पट्टे बांधा."

मित्रांनो, एखाद्या वस्तूचं काम दिसत नाही म्हणून तिचं फडकं करू नका. माझं कोडं सुटलं. मी जन्मात एकदाच कामी आलो, आणि भिंगरी अजून खेळते आहे.