बुजगावण्यांचे कॅलेंडर

मित्रांनो, मी दोन हजार अठरा सालचे कॅलेंडर आहे. म्हणजे आता मला कोणी तारीखही विचारणार नाही. पांढरकवड्याला अफरोजभाईंचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या भिंतीवर मी टांगलेले असते. माझे ऑक्टोबरचे पान वर आहे. ते पुढे कोणी उलटलेच नाही.

माझा जन्म मोठ्या हौसेने झाला. फेसबुकवर 'बुजगावणे मंडळ' नावाचा एक गट होता. वावरांतल्या बुजगावण्यांचे फोटो काढायचे, एकमेकांना दाखवायचे आणि वाहवा करायची, हा त्यांचा छंद. हसू नका, लोक काडेपेट्यासुद्धा जमवतात! मंडळाचा नियम एकच होता: फोटोत जिवंत माणूस नको. सर्वांच्या मताने बारा फोटो निवडले गेले आणि अफरोजभाईंनी मला घडवले. कागद गुळगुळीत, वर चकचकीत तार. कुठे मडक्याचे डोके, कुठे फाटकी टोपी, असा माझा थाट होता.

सगळ्यात जास्त मते ऑक्टोबरच्या फोटोला मिळाली. घाटंजीच्या मोनालीने तो आदल्या सप्टेंबरात चालत्या बसमधून काढला होता. छातीभर उंच पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तिच्यात निळ्या सदऱ्याचे, तोंडाला फडके बांधलेले, दोन्ही हात वर केलेले बुजगावणे. "अगदी जिवंत वाटते!" असे लोकांनी खाली लिहिले होते. मी तर फुगूनच गेले.

पण खरे सांगू? गठ्ठ्यात पाने एकावर एक पडून होती, तेव्हापासूनच मला त्या पानाची भीती वाटे. बाकीची अकरा बुजगावणी पोकळ होती. त्यांच्यात नुसते गवत आणि वारा. दहाव्या पानाला मात्र शाईच्या वासाआडून फवारणीच्या औषधाचा वास येई. ऑक्टोबर लागला, ते पान वर आले आणि अफरोजभाईंच्या आई अमिनाबी स्टुडिओत बसेनाशा झाल्या.

"अफरोज, इसको पलटा दे बेटा. ये देखता है."

अफरोजभाई हसले. मला हसू आले नाही. माझ्याच अंगातून कोणीतरी बाहेर पाहते आहे, हे मला केव्हाचे जाणवत होते.

एके दुपारी तांड्यावरच्या हंसाबाई आल्या. त्यांचा नवरा रामधन मजुरीने फवारणीला जायचा. मागच्या वर्षी कपाशीवर फवारताना औषध बाधून तो गेला. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात असे बरेच जण गेले. मतदान कार्डावरचा त्याचा फोटो मोठा करून घ्यायला त्या आल्या होत्या.

"चटकन गेले म्हन्तात. कळलं बी नाही त्यायले," त्या अफरोजभाईंना सांगत होत्या. वावराच्या मालकाने त्यांना तसे सांगितले होते, आणि वर्षभर त्यांनी तेवढ्याच बोलण्यावर जीव धरला होता.

बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी घाईघाईने डोक्यावर पदर घेतला.

"मावशी, बुजगावनं हाये थे," अफरोजभाई म्हणाले.

"नाही बापू. हे आमच्या घरचे हायेत. थ्या बाहीले ठिगळ म्याच लावलं."

अफरोजभाईंचा चेहरा उतरला. हंसाबाई जवळ आल्या, माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "हात काहून वर केले यायनं?"

मोनालीने पाठवलेले सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये होते. अफरोजभाईंना ते उघडावेच लागले. लागोपाठ काढलेले तीन फोटो. पहिल्यात हात अर्धे वर. दुसऱ्यात पूर्ण वर, बसच्या दिशेने. तोच माझ्या अंगावर छापला आहे. तिसऱ्यात बांध तोच, बाभूळ तीच, पण मधे नुसती पऱ्हाटी होती. मंडळाने तो फोटो रिकामा म्हणून बाजूला टाकला होता.

अफरोजभाईंनी मोनालीला फोन लावून सगळे सांगितले आणि फोन हंसाबाईंच्या हाती दिला.

"मावशी, बस चालू होती. मले खरंच बुजगावनंच वाटलं," एवढे बोलून ती रडू लागली.

"बसमंदी लोक होते?" हंसाबाईंनी विचारले.

"भरली होती, मावशी."

हंसाबाईंनी फोन परत दिला. अफरोजभाई मला भिंतीवरून काढायला उठले, तशा हंसाबाई आडव्या आल्या.

"नोको. राहू दे. हात खाली नोको करू त्यायचे. आता तरी कोनी पाह्यल."

म्हणून मी इथेच आहे. अफरोजभाई आता फोटो काढताना गिऱ्हाइकाला 'हलू नका' म्हणत नाहीत. समोर बसलेली माणसे माझ्याकडे पाहतात आणि का कोण जाणे, खुर्ची जरा सरकवून घेतात. मला त्यांचा राग येत नाही. मलाही या पानासोबत राहायची भीती वाटते, पण त्याहून जास्त वाईट वाटते.

मित्रांनो, माझ्या प्रती पुष्कळ घरी गेल्या आहेत. मला जपून ठेवा असे मी म्हणत नाही. खुशाल रद्दीत घाला. माझे मागणे वेगळे आहे. रस्त्याने जाताना दूर वावरात कोणी हात वर करून उभे दिसले, तर गाडी थांबवा आणि जवळ जाऊन पाहा. बुजगावणे निघाले तर फारच चांगले. हसत परत या.